अस्तरातला फॉर्म

मी एक फॉर्म बोलतोय. एकपानी, रकानेदार. ‘बाळंत झाल्यावर लगेच माझं नसबंदीचं ऑपरेशन करा,’ एवढंच माझं म्हणणं. पण माझ्यावर महिनाभर आधीची सही लागते, आणि ऐन वेळी मी हजर लागतो. नसलो, तर डॉक्टर हात लावत नाहीत.

माझी मालकीण कपडे शिवते. दुसऱ्या बाळंतपणातच तिने ऑपरेशन मागितलं होतं. ‘वय लहान आहे, सहा आठवड्यांनी या,’ असं उत्तर मिळालं. ती गेली. पुढची तारीख मिळाली, आणि त्या तारखेआधीच तिसऱ्याची चाहूल लागली.

या खेपेला तिने आधीच सही केली, ती माझ्या थोरल्या भावावर, म्हणजे माझ्याआधीच्या फॉर्मवर. तो शिवणाच्या टेबलावर पडला होता. सासूबाईंनी चष्मा न लावता त्याच्यावरच झबल्याच्या बाहीचं कटिंग केलं.

“अगंबाई, तुझी सहीच कापली की गं मी!”

“बाही तरी नीट बसली का, आई?”

दोघी पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी मला आणायला निघाल्या.

“नवऱ्याची सही लागेल,” दवाखान्याच्या खिडकीतला कारकून म्हणाला.

“का? बाळंत तो होणार आहे?”

कारकुनाने मला उलटसुलट पाहिलं. नवऱ्याचा रकाना माझ्यावर नव्हताच. मला फार बरं वाटलं. तिने तिथेच माझ्यावर तारखेसह सही केली.

घरी येताच तिने मला प्लॅस्टिकमध्ये घालून दवाखान्याच्या पिशवीच्या अस्तरात शिवून टाकलं.

एका सकाळी मुलगी झाली. नर्सबाईंनी फाईल चाळली. “फॉर्म दिसत नाही. सहा आठवड्यांनी या.”

“तुमच्या सहा आठवड्यांच्या नादातच ही आली!” सासूबाईंनी नातीकडे बोट दाखवलं, पिशवी मांडीवर ओढली आणि उरल्यासुरल्या दातांनी टाके उसवले.

नर्सबाईंनी सहीची तारीख पाहून बोटांवर दिवस मोजले. मालकिणीने श्वास रोखला. मीही.

“एकतीस. बसलं!”

दुपारी ऑपरेशन झालं.

आता मी फाईलमध्ये आहे, कानाला भोक पाडून. फाईल बांधणाऱ्यांनो, एक विनवणी आहे: माझी एक प्रत तुमच्याकडेच जपून ठेवत जा. प्रत्येक पिशवीला अस्तर नसतं, आणि प्रत्येकीला अशी सासू नसते.