पाण्याची खूण

ऑफिसातल्या मार्गोने दारातूनच नुंगरायीला जुन्या नावाने हाक मारली, आणि डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या आत्याने मोकळ्या हाताने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. उठून जायची सोय नव्हती. अजून अडीच तास तिचं रक्त नळ्यांतून फिरायचं होतं.

"ते नाव नको, मार्गो," नुंगरायी म्हणाली. तिने नळीवरचा चिमटा तपासला आणि दाबाचा आकडा वहीत लिहिला. "तीन आठवडे सांगतेय."

"सॉरी गं. सवय."

तीन आठवड्यांपूर्वी आत्याची मुलगी गेली होती. तिचं आणि नुंगरायीचं नाव एकच. मिशनमधल्या जुन्या नर्सवरून ठेवलेलं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या त्यांच्या आदिवासी लोकांत गेलेल्याचं नाव घेत नाहीत, म्हणून आता ते कोणी उच्चारत नव्हतं. ते नाव असलेल्या सगळ्याजणी घरच्यांसाठी कुमनजाई, म्हणजे 'जिचं नाव घ्यायचं नाही ती', झाल्या होत्या. नुंगरायी हे कुळाचं नाव तेवढं तिच्याकडे उरलं होतं. आत्याने तर बोलणंच सोडलं होतं, मूल गेलेल्या आईने सोडायचं असतं तसं. ती हातांनी बोले. यंत्रावर असली की एकाच हाताने. पण मुलीचंच नाव असलेल्या नुंगरायीशी हातानेही नाही. काही हवं असलं की दुसरीकडे बघत खुर्चीच्या दांडीवर टकटक करी.

मार्गोने लॅपटॉप टेबलावर ठेवला. कामाच्या ओळखींच्या साइटवरचं नुंगरायीचं पान: तिचा फोटो, त्याखाली 'कुमनजाई', आणि वर लाल पट्टी: खऱ्या नावाचा पुरावा द्या, तोवर हे पान बंद राहील.

"हे तू केलंस?"

"सकाळी."

"अगं, ॲडलेडची परिषद वक्त्यांची माहिती इथूनच घेते. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर ही यंत्रं कशी चालवायची, तीन वर्षं खपलीस त्यावर. सतराशे माणसं तुला जुन्या नावाने ओळखतात. शुक्रवारपर्यंत पान उघडलं नाही, तर तुझं भाषण दुसऱ्याला देतील."

"सतराशे!" शेजारच्या खुर्चीतून नंगाला वहिनी म्हणाली. "आणि बिंगोला जायला हिला एक माणूस मिळत नाही."

मार्गोला हसू आलं नाही. "बरं, मग कारण लिही. बहीण गेली, तुमच्यात अशी रीत आहे. लोकांना हे भिडतं. बघ किती जण नव्याने जोडले जातील."

नुंगरायीने हातमोजे काढले, एकात एक गुंडाळले.

"ते नाव आता आत्याच्या घरातलं आहे. ते मी बाहेर मांडणार नाही. कारणही नाही."

"मग तुला कोणी शोधायचं कसं?"

पांघरुणाखालून आत्याचा हात बाहेर आला. बोटं झरझर हलली.

"काय म्हणतायत?"

"इथला चहा पाणचट असतो म्हणतेय," नुंगरायी म्हणाली.

खुणा कळणारी वहिनी इतकी हसली की तिचा हात हलला आणि तिच्या यंत्राचा गजर वाजला. नुंगरायीने जाऊन तिची नळी सरळ केली, गजर बंद केला आणि परत टेबलाशी आली.

पडद्यावर दोन बटणं होती. पुरावा जोडा. खातं काढून टाका.

तिने दुसरं दाबलं. सगळ्या ओळखी आणि निरोप कायमचे जातील, नक्की का, असं विचारणारी चौकट आली. तिने 'हो' दाबलं.

"तू वेडी आहेस," मार्गो हळूच म्हणाली.

"ॲडलेडला मी फोन करीन. पाण्यावर बोलायचंय, म्हणून सांगेन. नाव मागितलं तर कुमनजाई. नको म्हणाले तर नको. यंत्रं तर चालतायत."

मार्गो लॅपटॉप मिटून घेऊन गेली.

नुंगरायी वहीकडे वळली. पुढचा दाब घ्यायची वेळ झाली होती. दांडीवर टकटक होईल म्हणून ती थांबली. ती झाली नाही.

आत्याने पांघरूण खाली घेतलं होतं. ती सरळ तिच्याकडे बघत होती. तिने बोट नुंगरायीकडे केलं, मग पाण्याची खूण केली. पुन्हा एकदा, सावकाश, नवं नाव समोरच्याच्या लक्षात राहावं तशी.

"आले, आत्या," नुंगरायी म्हणाली.