'केअरलेस' शब्दाचे पान

मित्रांनो, मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. कोरियाहून आलेल्या ली साहेबांनी मला सुप्याच्या बाजारात घेतले. जवळच्या कारखान्यातली मशिने त्यांच्या ताब्यात होती. इंग्रजी मात्र कच्चे. ऑफिसातली सविता जेवणाच्या सुट्टीत त्यांना शिकवी. एका पानावर एक शब्द, शेजारी कोरियन अर्थ, खाली वाक्ये.

'केअरलेस'पाशी साहेब फार अडले. एक चूक झाली की माणूस केअरलेस का?

"नाही साहेब," सविता म्हणाली, "ज्याला कशाची फिकीरच नाही, त्यालाच म्हणायचं. उगाच कुणाला चिकटवू नका."

साहेबांनी पाच वाक्ये लिहिली. सविताने 'छान' असा शेरा दिला. मला केवढा अभिमान वाटला!

खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली. हात आत जाऊ नये म्हणून पत्रा दाबणाऱ्या प्रेसला जाळी असते. हळदकुंकू नीट लागावे म्हणून ती काढली. साहेबांनीही हौसेने कुंकू लावले, फोटो काढून घेतला. त्या प्रेसवर सविताचा नवरा अंगद कामाला होता.

"नाना, जाळी बसवायची राह्यली," तो म्हणाला.

फोरमन अजिनाथनाना हसला. "आज देवच राखन करतोय. कर चालू."

"देव काय शिफ्टला हाय व्हय?"

सगळे हसले. साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवले. "स्टार्ट, स्टार्ट!"

तासाभरात अंगदची तीन बोटे गेली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला उघडले आणि शेजारी अपघाताचा अहवाल लिहायला घेतला. 'अंगद वॉज केअरलेस.' एवढ्या वाक्यावर त्याची नोकरी जाणार होती. आणि कागद तपासायला आला सविताकडेच.

"वाक्य बरोबर?"

"वाक्य बरोबर आहे साहेब. पण खोटं आहे."

तिने ते खोडले आणि जाळी कुणी, का काढली ते खाली लिहिले. साहेबांनी नवा कागद घेतला. तेच वाक्य पुन्हा लिहिले, एकही चूक न करता. या वेळी तपासायला कुणाला दिले नाही.

अंगद घरी बसला. सविताने काम सोडले, येताना मला घेऊन आली. घरात मला कुणी उघडत नाही.

मित्रांनो, पाने फाडू नका, मला जपा, असे मी एरवी म्हटले असते. आज तेवढे महत्त्वाचे वाटत नाही. शाळेत तुम्ही शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग पाठ करता. जरूर करा. फक्त तो शब्द कुणाच्या नावापुढे लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा, की बाबा, नेमके काय झाले?

अंगदला अजून कुणी विचारलेले नाही.