कान मिटलेला डबा

मी देवबागच्या एका गच्चीवरचा वायफायचा डबा. मी बोलतो आहे, आणि बोलणे हाच माझा अपराध आहे.

कारखान्यात मला तोंडाबरोबर कानही दिले गेले. ज्या लहरींवर मी बोलतो, त्यांवर पहिला हक्क रडारचा. म्हणून नियम असा: घरातच राहावे, हळू बोलावे, आणि रडारची चाहूल लागताच ती वाट सोडावी.

माझे मालक दत्तप्रसाद. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांचे घर. तेथे पर्यटक उतरतात. मी मध्येच गप्प होतो, अशी त्यांची तक्रार आली. मला बसवणाऱ्या सिद्धेशने कारण सांगितले, की रडार ऐकू आले म्हणजे हा थांबतो.

"मगे ह्येचे कान बंद कर," मालक म्हणाले. "माका ह्येचा तोंड व्हया."

सिद्धेशने तसे केले, माझा जोर वाढवला आणि मला गच्चीवर चढवले. पाहुणे संतुष्ट झाले.

त्याच वर्षी आषाढात समुद्राने अंगणातले दोन माड नेले. सरकार बंधारा बांधणार होते. किनारा कुठे किती खचला, हे पाहून त्याची हद्द ठरणार होती. पावसाळी ढगांपुढे साधा कॅमेरा आंधळा. म्हणून हे काम एका लहानशा उपग्रहाकडे होते. तो रडारची हाक खाली धाडतो आणि वाळूवरून परतणारा क्षीण पडसाद ऐकून चित्र काढतो. तो माथ्यावरून गेला, त्या सकाळी मालक देवळात गाऱ्हाणे घालीत होते: समुद्राक आवर, महाराजा. मी त्यांच्याच गच्चीवरून ओरडत होतो.

भाद्रपदात मोजणी खात्याच्या संचिता मॅडम उपग्रहाचे चित्र घेऊन आल्या. शेजारच्या आनंदीबाईंच्या कुंपणापर्यंत किनारा स्पष्ट होता. पुढे आमच्या घरावर पांढरा पट्टा. त्याच लहरींवर कोणीतरी मोठ्याने बोलत होते, असे त्या म्हणाल्या. मालकांनी प्रथम मोबाईलच्या टॉवरला दोष दिला, मग शेजाऱ्यांना. शेवटी टेप आणला.

"काका, जे वाहून गेले, ते आता टेपने कसे मोजू?" असे म्हणून मॅडमनी वर गच्चीकडे पाहिले.

मालकांच्या आई हौसाबाई ओटीवर बसल्या होत्या. "देवाचो कौल घेताना तू गप रवतस मां?" त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केले. "मगे ह्येका कित्याक गप रवाक दिलस नाय?"

मालकांनी सिद्धेशला बोलावून घेतले.

बंधारा आनंदीबाईंच्या कुंपणाशी थांबला. माझे कान मला परत मिळाले. माझी विनंती एवढीच: ज्याला गाऱ्हाणे घालायचे आहे, त्याने उत्तराची वाट आपल्याच आवाजाने अडवू नये.

परवा उपग्रह पुन्हा गेला. मी गप्प होतो. चित्र स्वच्छ आले. त्यात बंधाऱ्याचे टोक दिसते, पलीकडे आमची पायरी, आणि पायरीला लागलेला समुद्र.