सुधारलेली बाजू

मित्रांनो, मोहाडीतल्या एका घरात लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या खणात, गॅसच्या पुस्तकाखाली जी चपटी डबी पडून आहे, ती मी. जुनी कॅसेट. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. माझ्या पोटात तपकिरी रंगाची लांबलचक फीत आहे आणि त्या फितीवर गाणी आहेत. म्हणजे होती. ती कशी गेली, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म नागपूरच्या एका लहानशा स्टुडिओत झाला. ‘पळसबन’ नावाचा पाच जणांचा बँड होता. पेटी, ढोलकी, बँजो आणि दोन गाणारे. सगळी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, वाढलेली पोरं. मुख्य गळा एकोडीच्या मधुकररावांचा. त्यांच्या पहिल्या दोन कॅसेटी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावोगावी वाजल्या. मी तिसरी. त्या दिवशी मधुकररावांना सणसणीत सर्दी झाली होती आणि स्टुडिओ एकच दिवस मिळाला होता. सगळं घाईघाईत उरकलं. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘बोडीच्या पाळीवर’, म्हणजे तळ्याच्या बांधावर. त्यात वर चढताना त्यांचा सूर चिरकला आणि ढोलकीवाल्याला हसू आवरेना. सूर आणि हसू दोन्ही माझ्यात तशीच राहिली. ऐकणाऱ्यांनी नाकं मुरडली, बँडमध्ये खटके उडाले आणि वर्षभरात पळसबन मोडलं. माझ्या बहिणींची खोकी दुकानांत धूळ खात पडली. मी कुणाची लाडकी होईन, अशी काही चिन्हं नव्हती.

पण बपेरा ते तुमसर काळीपिवळी जीप चालवणाऱ्या हिरालालला दुकानात नेमकी मीच मिळाली. त्याच्याजवळ दुसरी कॅसेट नव्हती आणि दुसरी आणण्याची त्याला हौसही नव्हती. सकाळी जाताना माझी पहिली बाजू, संध्याकाळी परतताना दुसरी. प्रवाशांना पसंत असो वा नसो, मी वाजतच असे.

त्या जीपमध्ये बपेऱ्याची साधना रोज बसायची. अकरावीला तुमसरच्या कॉलेजात नाव घातलेलं, मांडीवर वह्या, शेजारी तिच्यासारख्याच तीन पोरी. घराबाहेर एकटीनं पडण्याचं तिचं ते पहिलं वर्ष. पळसबन हे नावही तिनं आधी ऐकलं नव्हतं. सिहोरा मागे पडलं की पोरी माझ्याबरोबर गुणगुणू लागायच्या. तुमसरचं रेल्वे फाटक आलं की तो चिरका सूर यायचा, आणि चौघी मुद्दाम तसाच चिरका आवाज काढून ढोलकीवाल्यासोबत हसायच्या. हिरालालही हसायचा. संध्याकाळी मात्र साधना मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून जायची. माझी दुसरी बाजू तिनं धड कधी ऐकलीच नाही.

जीप भंगारात गेली तेव्हा हिरालालनं मला तिच्या हातात ठेवलं. म्हणाला, “घे बाई, तुह्याशिवाय हिले कोणी इचारत नाई.” मी तिच्याबरोबर सासरी मोहाडीला आले. सोबत तिच्या माहेरचा टेपरेकॉर्डरही आला.

तिचा नवरा कुलदीप पळसबनचा जुना चाहता निघाला, पण पहिल्या कॅसेटचा. लहानपणी मंडईच्या भोंग्यावर त्यानं तीच ऐकली होती. “खरा गळा तिच्यात हाय,” तो म्हणायचा. “तुही कॅसेट म्हणजे निस्ती सर्दी.” साधनानं त्याच्याजवळच्या पहिल्या दोन्ही कॅसेटी मन लावून ऐकल्या. चांगल्या आहेत म्हणाली, आणि पुन्हा मला लावली. तिच्यापाशी याचं कारण नव्हतं, मला मात्र थोडंफार कळत होतं. पहिल्यांदा ऐकतो तेव्हा आपल्याकडे ताडून पाहायला काही नसतं. जे कानावर पडतं, तेच त्या बँडचं गाणं होऊन बसतं, चिरका सूरही मग चुकीचा वाटत नाही. कुलदीपचं मन भोंग्यात अडकलं, तिचं जीपमध्ये. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मला मोबाइलमध्ये घेऊन ठेवू, असं कुलदीप तीन वर्षं म्हणत राहिला.

गेल्या उन्हाळ्यात साधना नात्यातल्या लग्नासाठी एकोडीला गेली. मधुकरराव अजून आहेत, छातीच्या दुखण्यानं घरीच बसून असतात, असं तिला तिथं कळलं. दुसऱ्याच आठवड्यात ती मला पर्समध्ये घालून त्यांच्याकडे गेली. तिची इच्छा साधी होती. या माणसाला कुणीतरी सांगायला हवं की ज्या कॅसेटपायी बँड मोडला, ती एका मुलीनं जिवापाड जपली.

मधुकररावांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

“हीच काहून आणली वं पोरी? पहिली आणली असती त मान वर करून आयकलो असतो.”

“मले हीच आवडते, काका.”

“हिच्यात काय हाय आवडन्यासारखं? सूर फाटला हाय माहा.” त्यांनी मला बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “तुले माहं गानं नाई आवडत. तुले तुहे ते दिवस आवडते.”

साधना निघाली तेव्हा मात्र ते मऊ आवाजात म्हणाले, “आठ दिवस राहू दे माह्यापाशी. माह्याजवळ एकबी नाई उरली.” तिनं आनंदानं मला ठेवून दिलं. मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझ्या माथ्यावर दोन खाचा आहेत. त्या उघड्या असल्या की माझ्यावर नवं काही भरता येत नाही. खाच बुजवली की भरता येतं, हे जुन्या गायकाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सून चंद्रकांता बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कामाला गेल्यावर मधुकररावांनी गोळ्यांच्या पाकिटाचा कागद घडी करून पहिल्या बाजूच्या खाचेत कोंबला, जुना टेप पुसून समोर ठेवला, पंखा बंद केला आणि लाल बटण दाबलं.

यंत्र आधी जुनं पुसतं, मग नवं भरतं. सहा सकाळी, सहा गाणी. बँजो नव्हता, ढोलकी नव्हती, नुसता त्यांचा थकलेला गळा आणि मधेमधे खोकला. चंद्रकांता पाणी प्यायला आली की म्हणायची, “बाबुजी, कायले दम लावून राहिले? डाक्टर काय बोलला होता?” ते हातानंच तिला गप्प बसवायचे. माणूस मन लावून, प्रेमानं गात होता आणि मी आतून रिकामी होत होते. मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं.

सहाव्या सकाळी त्यांनी तो अवघड सूर अचूक लावला. पुढची ओळ चालू असतानाच विजेची लाईन गेली. लाईन परत आली तेव्हा फीत जवळजवळ संपलेली दिसली, आणि त्यांना वाटलं, काम झालं.

आठ दिवसांनी साधनानं मला परत आणलं आणि घरी येताच टेपमध्ये घातलं. आधी खोकला, मग, “साधना, आता आयक.” ती ओट्यापाशी उभी होती, तिथंच खाली बसली. सगळी बाजू तिनं ऐकली. शेवटी मधुकररावांचा आवाज मधेच तुटला आणि माझ्या शेपटाशी उरलेलं जुनं गाणं वाजलं. चिरका सूर गेला होता. त्याच्यावरचं ढोलकीवाल्याचं दाबलेलं हसू तेवढं राहिलं होतं, सहा-सात सेकंदांचं. साधना रडली. कुलदीप तिच्याजवळ बसला, म्हणाला, “मीच मोबाइलमंदी घेतलं असतं त...”

संध्याकाळी एकोडीहून फोन आला.

“कशी झाली?”

“चांगली झाली, काका.”

“पहिल्यापक्षा?”

साधनानं माझ्याकडे पाहिलं. “हो काका. पहिल्यापक्षा.”

ते हसले, मग बराच वेळ खोकले. “दुसरी बाजू बी घेऊन ये. तेबी सुधरवून टाकू.”

“धानाचा रोवणा होऊ द्या, येऊ आम्ही.”

दुसऱ्या बाजूचं तिला काही वाटत नव्हतं. ती खुशाल देता आली असती. पण फोनवर बोललेलं खोटं त्यांच्या समोर बसून तिला बोलता आलं नसतं. रोवणा झाला, धान कापून झाला. दर आठवड्याला फोन यायचा, आवाज दर वेळी आणखी बारीक. “गळा तयार ठेवला हाय पोरी, कवा येतं?” दर वेळी ती नवं कारण सांगायची.

ती अजून कधीतरी ते हसू लावते. प्रत्येक वेळी माझी फीत थोडी झिजते, आणि लवकरच तेही राहणार नाही. मला पुसून टाकावं, तर त्यात एका आजारी माणसाचा सगळा दम आहे. ठेवावं, तर ऐकवत नाही. म्हणून मी गॅसच्या पुस्तकाखाली आहे.

मित्रांनो, कुणाच्या आवडीची वस्तू तुमच्या हाती आली, तर तिच्यातली चूक दिसली तरी ती सुधारू नका. आणि ती वस्तू तुमचीच असेल, तर ती का आवडते हे वेळेवर, नीट सांगा. साधना आता म्हणते की सगळं खरं सांगायलाच एकोडीला जायचं. पण तीन आठवडे झाले, तिकडून फोन आलेला नाही, आणि आपण होऊन लावायचा तिचा धीर होत नाही.