माझ्या जिभेवरचा चुंबक

वाजणं हे माझं एकमेव काम, आणि तेच करायला मला या घरात बंदी आहे. म्हणून आज बोलतेय. मी एक घंटा. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. जपानच्या डोंगरांत फिरणारे लोक पाठपिशवीला अडकवतात ती, अस्वलांसाठीची घंटा.

हसू नका. अस्वलाला माणसाची भेट नकोच असते. माणूस येतोय हे लांबून कळलं, की बहुतेक वेळा ते आपणहून वाट सोडतं. ते कळवायचं, एवढ्यासाठी माझा जन्म.

जपानी आल्प्सच्या पायथ्याशी, तोयामाकडच्या एका म्हाताऱ्या ओताऱ्याने मला पितळेत ओतलं. आत लोखंडी जीभ लावली, कानाशी धरून वाजवलं, नापसंतीने मान हलवली आणि पुन्हा कानस घेतली. आवाज मनासारखा होईपर्यंत त्याने मला हातावेगळं केलं नाही. मग बुडाशी एक छोटा चुंबक बसवला. तो सरकवला की जीभ त्याला चिकटते आणि मी मुकी. रेल्वेत, बसमध्ये लोकांना त्रास नको म्हणून ही सोय. सोय चांगलीच आहे. माझा राग चुंबकावर नाही.

मला विकत घेतलं वरदने. तो मूळचा पुण्याचा, त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत काम करतो. घरात त्याची बायको केतकी आणि तिसरीतली मुलगी अपूर्वा. त्याचे वडील पंढरीनाथ, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मुलाकडे राहायला आले होते. त्यांना डोंगर बघायचे होते आणि भीतीही वाटत होती.

"अस्वल भेटायची शक्यता किती रे?"

"जवळजवळ शून्य, अप्पा."

"जवळजवळ शून्य म्हणजे शून्य नव्हे," प्राध्यापक म्हणाले. म्हणून मी आले आणि त्यांच्या पिशवीच्या पट्ट्यावर, छातीशी लटकले.

या घरात सगळे कुजबुजत बोलतात, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. गणपतीत खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन, पुन्हा पुन्हा वाकून, आरतीचा आवाज जरा कमी करता येईल का, असं विचारून गेल्या होत्या. विनंती रास्त होती. पण तेव्हापासून टाळ मोज्यांत गेले. टाळ्या बोटांच्या टोकांनी वाजू लागल्या. आरती पुटपुटत व्हायला लागली. अपूर्वा खळखळून हसली, तरी केतकीचं बोट ओठांवर: "शूऽऽ! खाली ऐकू जातं."

पहिली सहल सपाटीवरची. जुन्या रेल्वेमार्गावर आता सायकलींचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, मध्येच एखादा ओसाड फलाट. पंढरीनाथ पॅडल मारत होते आणि मी मजेत किणकिणत होते. तेवढ्यात पुढे दोन माणसं चालताना दिसली.

"अप्पा, ती घंटा बंद करा! इथे चालणाऱ्यांना घंटी वाजवत नाहीत. उद्धटपणा समजतात."

मी सायकलची घंटी आहे का हो? पण चुंबक सरकला.

दुसरी सहल त्सुकुबाच्या डोंगरावर. तिथे जत्रेसारखी गर्दी होती. तिथे मी गप्प राहिले, ते योग्यच होतं. मी काही सदा कटकट करणारी नाही.

तिसऱ्या वेळी आम्ही आल्प्समध्ये गेलो. केतकीला सुट्टी नव्हती, म्हणून तिघंच. नदीकाठची पायवाट, पिवळी पडलेली झाडं, वर बर्फाची पहिली रेघ. हे माझं माहेर! वाटेच्या तोंडाशी अस्वलाचं चित्र असलेली मोठी पाटी होती. अपूर्वाने वाचून दाखवली: "आजोबा, घंटा वाजवा म्हणतायत."

"काढू का रे चुंबक?" पंढरीनाथांनी विचारलं.

"राहू दे, अप्पा. किती शांतता आहे बघा. लोक त्यासाठीच येतात."

समोरून आजीबाईंचा एक घोळका आला. प्रत्येकीच्या पिशवीवर माझी एकेक बहीण खणखणत होती. त्यांतली एक थांबली, तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात वरद कमरेत वाकला. "सुमिमासेन, सुमिमासेन!" बिचारीला एक शब्द बोलू न देता त्याने माफी मागून टाकली. आणि मग, मी आधीच मुकी असताना, मला रुमालात गुंडाळलं!

असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. जिच्या स्वतःच्या खांद्यावर घंटा वाजतेय, ती माझ्या आवाजाची तक्रार करेल?

पुढच्या वळणावर अपूर्वा आमच्या आधी पोचली. आम्ही वळलो, तर ती वाटेत ताठ उभी. समोर गुडघाभर उंचीच्या बांबूच्या झुडपात एक अस्वल पाठमोरं बसून काहीतरी खात होतं. नदीच्या खळाळात त्याला आमचा पत्ताच नव्हता.

"अप्पा, आवाज नको," वरद पुटपुटला.

"अरे, आवाजच हवा!"

 पंढरीनाथांनी रुमाल ओढून काढला, चुंबक मागे सरकवला, आणि पूजेत वाजवतात तसं मला डाव्या हाताने, एका लयीत वाजवायला लागले. उजव्या हाताने नातीला मागे घेतलं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी आरती म्हटली. घरात पुटपुटत म्हणायचे तीच, पण खुल्या गळ्याने. म्हणत म्हणत एकेक पाऊल मागे.

अस्वलाने मान वळवली. आमच्याकडे नीट पाहिलं. मग जड अंगाने उठलं आणि रानात शिरलं.

बऱ्याच मागे येऊन सगळे दगडांवर बसले. वरदने मुलीला जवळ घेतलं. "अपू, तुला आधी दिसलं होतं ना? मग हाक का नाही मारलीस?"

तिने आश्चर्याने बापाकडे पाहिलं. "शिझुका नी, ना?" शांत राहा, हे तिला शाळेच्या भाषेत जास्त सवयीचं. मग मराठीत म्हणाली, "आवाज करायचा नाही ना, बाबा?"



आता मी देवघरात आहे. केतकीने मला हळदकुंकू वाहिलं, डोळे पुसले, नमस्कार केला. आणि चुंबक पुन्हा सरकवला. पंढरीनाथ काल म्हणाले, "निदान आरतीपुरती तरी..." वरदने नुसतं जमिनीकडे बोट केलं. "हो, तुझंही बरोबर असेल," म्हणत ते आरती पुटपुटू लागले. रविवारी ते पुण्याला परत जातील.

कदाचित माझंच चुकत असेल. शेजाऱ्याची झोप मोठी, हे मला कळतं. पण घर आणि रान यांतला फरक पोरीला कुणी शिकवणार की नाही? मला कुंकू नको. पुढच्या डोंगरावर माझी जीभ सोडा, एवढंच मागणं आहे.

माझं सोपं आहे. मी पितळेची. चुंबक मागे सरकवला की त्याच क्षणी वाजते. संध्याकाळी अपूर्वा समोर हात जोडून उभी राहते, तेव्हा तिचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. तिचा चुंबक कुठे बसवलाय, ते मात्र मला दिसत नाही.