मापाचा माणूस

माझा मुलगा सम्मेद रॉटरडॅमला असतो. आपल्या तासगावची द्राक्षं जहाजातून तिथल्या बंदरावर उतरतात, ती तपासून घेणाऱ्या एका कंपनीत तो कामाला आहे. म्हणजे पोरगा द्राक्षांच्या मागं हॉलंडला गेला आणि मी बाग वाट्यानं देऊन इथं घरात बसलो. लोक विचारतात, काय म्हणतंय पोरगं? मी सांगतो, मजेत आहे, फक्त त्याला अंगाला कपडे मिळत नाहीत.

लोकांना ही थट्टा वाटते. थट्टा नाही ही. तिथली माणसं दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढी उंच. दुकानातला सगळ्यात लहान शर्ट सम्मेदनं घातला तरी खांदे दंडावर उतरतात आणि बाह्यांत बोटंसुद्धा दिसत नाहीत. एकदा दुकानातल्या पोरीनं त्याला मोठ्या अदबीनं शाळकरी मुलांच्या कपड्यांकडं नेलं. तिथं एक शर्ट अंगाला अगदी बरोबर बसला, पण खिशावर जेसीबीचं चित्र होतं. तिशीतल्या या बाप्यानं तो शर्ट स्वेटरच्या आत घालून महिनाभर ऑफिसला वापरला. फोनवर सांगताना तो हसत होता. त्याची आई, राजमती, तेव्हा होती. तीही त्याच्याबरोबर हसली आणि फोन ठेवल्यावर पदरानं डोळे पुसत बसली.

"आवं, वजीरकडनं दोन शिवून पाठवा की," ती म्हणाली.

वजीर टेलरचं दुकान एसटी स्टँडच्या मागं आहे. माझ्या लग्नाचा कोट त्याच्या बापानं शिवला, माझ्या पोराची शाळेची चड्डी त्यानं शिवली. मी मापाला म्हणून सम्मेदचा जुना शर्ट घेऊन गेलो. वजीरनं तो दोन बोटांत धरून उचलला.

"ह्ये धुऊन धुऊन सैल झालंय अण्णा. असल्याच्या मापानं नवा शर्ट हुतो व्हय? अंग आणा."

"अंग हॉलंडात हाय."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "मग ह्ये हितं काय हुबं हाय? तुमी बाप-लेक एकाच मापाचं. हात वर करा."

खरंच होतं ते. दोरीवर वाळत घातलेला शर्ट कुणाचा हे राजमतीलासुद्धा खिसा बघितल्याशिवाय कळायचं नाही. पेनाचा डाग असला तर सम्मेदचा, सुपारीचा चुरा असला तर माझा. मी हात वर केले, वजीरनं टेप फिरवला, आणि महिन्याभरानं सम्मेदचा फोन आला की अण्णा, अंगावर ओतल्यासारखा बसलाय.

तेव्हापासून दर दिवाळीला आणि दर पाडव्याला मी वजीरपुढं हात वर करून उभा राहतो. एकदा घेतलेलं माप वजीरला चालत नाही. अंग काय दगड हाय व्हय, असं म्हणून तो दर खेपेला नव्यानं टेप लावतो. मलाही ते आवडायचं. पोराला आता माझ्या सल्ल्याची गरज नाही, बागेची तर नाहीच नाही. माझं हे एक अंग तेवढं त्याच्या कामाचं उरलं होतं. मला या अंगाचा लय अभिमान होता.

राजमती गेली त्याला दोन वर्षं होतील. सम्मेद आला, सगळं होईपर्यंत राहिला आणि जायच्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, हात जोडून म्हणाला, आईला आवडायचं तसं मी तिकडं दिवस मावळायच्या आत जेवीन. आमच्या जैनांत हा नेम. मी तो किस्सा गावभर सांगितला. हॉलंडात राहून पोरगा नेम पाळतो, काय सोपी गोष्ट आहे का?

माझं जेवण म्हणाल तर बनुबाई सकाळी येऊन दोन भाकरी आणि तोंडी लावायला काहीतरी कोरड्यास करून जाते. ते खाल्लं तर खाल्लं. कुणी विचारलं की मी सांगतो, आज एकाशन आहे. एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं व्रत. आमच्यात त्याचं मोठं कौतुक, लोक हात जोडतात. आठवड्यातून चार-चार एकाशनं करणारा म्हातारा म्हणून बस्तीतल्या बायका मला पुण्यवान समजायला लागल्या. पुण्य कसलं आलंय! एकट्यानं ताटावर बसवत नाही, एवढंच. ताट वाढून घेतलं की समोरचा रिकामा पाट दिसतो, मग भाकरी झाकून ठेवावीशी वाटते.

गेल्या ऑक्टोबरात बागांच्या छाटण्या चालल्या होत्या तेव्हा मी दिवाळीच्या शर्टाचं कापड घेऊन वजीरकडं गेलो. फिकट निळं, बारीक रेघांचं. वजीरनं छातीला टेप लावला, काढला, परत लावला.

"अण्णा, तीन इंच गेली की छाती."

"तुजा टेप बदल."

"टेप ह्योच हाय पाडव्याचा. खांदा बी उतरलाय. काय दुखतंय-खुपतंय काय?"

"दुखतंय कुणाला! दिवाळीच्या गडबडीत तुला काय दिसंना झालंय," असं म्हणून मी कापड काखेत मारलं आणि तसाच बाहेर पडलो. वजीर मागून हाका मारत होता.

घरी येऊन कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. पँट कमरेवर चुण्या घालून बसली होती. घड्याळ मनगटावरून कोपराकडं सरकत होतं, ते मला रोज दिसत होतं आणि मी रोज ते खाली ओढत होतो. आता या अंगावर शर्ट बेतला तर पोराला श्वास घेता येणार नाही. तो विचारणार, अण्णा, असा कसा तंग झाला? मग ब्राह्मीला फोन. ब्राह्मी माझी लेक, शिरवळला दिलीय, जावई तिथं कारखान्यात आहेत. ती गाडी घेऊन येणार आणि मला दोन खोल्यांत नेऊन ठेवणार. तेही एक वेळ चाललं असतं. पण पोराच्या मापाचा मी राहिलो नाही, तर या घरात मी कशाला आहे? त्या दुपारी मला पहिल्यांदा भीती वाटली. राजमती गेल्यावरसुद्धा अशी वाटली नव्हती.

सम्मेदनं मला तिकडून एक लोकरीचं स्वेटर आणलं होतं. चांगलं जाड. आठवड्यानं मी ते अंगात घातलं, त्यावर शर्ट चढवला, वरपर्यंत बटणं लावली आणि ऑक्टोबरच्या उन्हातून वजीरच्या दुकानात गेलो. कानशिलावरून घाम गळत होता.

"ह्या उन्हात गळाबंद?" वजीर म्हणाला.

"सर्दी झालीया. घे माप."

त्यानं टेप फिरवला. त्याचा हात माझ्या पाठीवर थांबला. बोटांखाली लोकर लागली असणार. कापडात जन्म गेलेल्या माणसाला काय सांगायचं! मी समोरच्या कॅलेंडरवरच्या म्हशीकडं बघत राहिलो. वजीरनं माप घेतलं आणि टेबलाखालचा पंखा माझ्याकडं वळवला.

शर्ट गेला. दिवाळी होऊन गेली. नोव्हेंबर सरता सरता एका रविवारी दुपारी सम्मेदचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो, म्हणजे हात मोकळे राहतात. तो निळा शर्ट घालून खुर्चीत बसला होता.

"बघा अण्णा. एकदम फिट."

छातीवर एक सुरकुती नव्हती. खांदे कडक. मी मनात म्हणालो, जमलं. ते स्वेटर अजून दहा वर्षं पुरेल. पुढं इकडचं तिकडचं बोलणं झालं. छाटणी कशी झाली, औंदा माल कसा येईल.

"जेवताय न्हवं येळच्या येळी?" त्यानं विचारलं.

"आज एकाशन हाय. तू?"

"मी बी. म्हंजे, जेवतोय की."

एवढ्यात त्याच्या दारावर घंटा वाजली. "आलोच," म्हणून तो उठला आणि वळला.

त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत कपडे वाळत घालायचे चिमटे होते. एक लाल, दोन निळे, एक पिवळा. सगळा शर्ट मागं गोळा करून त्यांत धरला होता. चार बोटं तरी कापड जास्तीचं होतं. मानेची हाडं मला त्या फोनमधूनसुद्धा दिसली.

तो परत येऊन बसला, ताठ, खुर्चीला न टेकता. कॉल लागल्यापासून तो टेकलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. इकडं मी लोकर घालून फुगलो होतो आणि तिकडं त्यानं चिमटे लावून शर्ट बसवला होता. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं.

"तिथं आता दिवस कवा मावळतो रं?" मी विचारलं.

"साडेचारला, अण्णा. थंडीत लवकर मावळतोय."

"आन कामावरनं घरी कवा येतोस?"

त्यानं नाक चोळलं. लहानपणी खोटं बोलायच्या आधी चोळायचा तसंच. "येतो की... सात वाजत्यात कवा कवा."

गावभर ज्याचं कौतुक सांगत फिरलो त्या नेमाचा अर्थ मला त्या एका वाक्यात लागला. पोरगं अंधारात घरी येत होतं, दिवस मावळला म्हणून आईचं नाव घेऊन जेवत नव्हतं, आणि जेवायला तसं त्याला कारणही नव्हतं. तिकडंही समोर कुणी बसत नव्हतं. व्रत त्याचंही खोटं आणि माझंही खोटं, दोघांनी एकाच बाईच्या पाठीमागं लपून केलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कापड घेऊन वजीरकडं गेलो. अंगात नुसता शर्ट. थंडी पडायला लागली होती.

"सर्दी गेली?" वजीरनं विचारलं.

"गेली. आता जेवढा हाय तेवढा घे."

"अण्णा, पोराला बसायचा न्हाई."

"बसंल."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि टेप गळ्यातून काढला. छाती, खांदा, बाही. माप घेऊन झाल्यावरही त्यानं हात माझ्या खांद्यावर तसाच ठेवला. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मी थोडा जास्त वेळ उभा राहिलो आणि त्यानंही घाई केली नाही. मग दुकानातल्या पोराकडून चहा मागवायचा सोडून तो स्वतःच उठला आणि घरातून आपल्या बायकोच्या, अकिलाभाभीच्या हातची चपाती-भाजी घेऊन आला. मी एकाशन आहे म्हणालो नाही.

हा शर्ट पोचायला जानेवारी उजाडला. रविवारी दुपारी फोन वाजला. मी तो साखरेच्या डब्याला टेकवला. सम्मेद शर्ट घालून उभा होता. काही न बोलता त्यानं स्वतःच एक गिरकी घेतली. पाठीवर चिमटे नव्हते. शर्ट खांद्याला खांदा, छातीला छाती, अगदी बरोबर बसला होता.

तो खुर्चीत बसला आणि या खेपेला मागं टेकला.

"वजीरचाचांनी माप कुणाचं घेतलं?"

"कुणाचं म्हंजे? माजंच."

"न्हाई, ह्यो शर्ट मला बसतोय, अण्णा." तो बटणाशी खेळत होता. "तुमचं माप मला आता..." आणि त्याचं वाक्य तिथंच तुटलं. त्याच्या ध्यानात आलं. त्यानं फोन जवळ ओढला, एवढा जवळ की मला त्याचे डोळेच दिसायला लागले.

"किती वाळलायसा तुमी?"

"तुज्याएवढा."

त्याच्या खिडकीबाहेर राखाडी उजेड होता. मी विचारलं, "काल रातच्याला जेवलास?"

नाक न चोळता तो म्हणाला, "न्हाई."

"मी बी न्हाई."

बनुबाईची भाकरी टोपलीत झाकलेली होती. पण मला भात खावासा वाटला, गरम, तूप घालून, राजमती करायची तसा. मी उठून तांदळाचा डबा काढला, फोन उचलून त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "एका माणसाला तांदूळ किती घ्यायचं रं?"

तो डब्याकडं बघत राहिला.

"मला बी अजून कळलं न्हाई, अण्णा," तो म्हणाला.