मास्तरांचं दुसरं कडवं

ऐंशीव्या वर्षी माणसाने काय खावं, काय पिऊ नये यावर डॉक्टरांची ठाम मतं असतात. काय वाचू नये हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून एफ्तिमिए झावोयानूने स्वतःची फाईल वाचायला घेतली. ती तयार करायला गुप्त पोलिसांना पाच दिवस लागले होते. ती बघायला मिळावी म्हणून त्याने केलेल्या अर्जाला, देश स्वतंत्र विचारांचा झाल्यामुळे, चार वर्षं लागली.

"आजोबा, पाणी आणते," फायलींच्या कार्यालयातली मुलगी म्हणाली.

"अजून उघडली नाही मी."

"उघडल्यावर मागायचं सुचत नाही लोकांना."

त्याला नवीन काही कळायचं नव्हतंच. आपल्याला कोणी पकडून दिलं ते त्याला १९४९ पासून ठाऊक होतं: निस्तोर गेलासे, बालमित्र, कुंपणापलीकडचा शेजारी. अठ्ठावन्न वर्षं तो निस्तोरशी एक शब्द बोलला नव्हता. आता दोघांपैकी एक जण जाण्याआधी सही-शिक्क्याचा कागद निस्तोरच्या तोंडासमोर धरायचा, एवढीच त्याची इच्छा राहिली होती.

घडलं होतं ते असं. नाताळच्या आधी निस्तोरच्या घरी डुक्कर कापलं होतं. दुपारचं जेवण झालं, बायका अंगणात चरबी वितळवत होत्या. खोलीत तिघे उरले: एफ्तिमिए, निस्तोर आणि गावच्या गायनमंडळाचे सोफ्रोनिए मास्तर. मास्तरांचं डोकं सॉसेजच्या ताटाशेजारी टेकलेलं होतं आणि ते घोरत होते. एफ्तिमिएच्या पोटात आलुबुखारची दारू गेली होती. राजाला घालवून दोन वर्षं होत आली होती, राजगीतावर बंदी होती. त्याने ते हळू आवाजात, दोन्ही कडवी, म्हटलं. पाचव्या दिवशी त्याला उचलून नेलं. खोलीत तिघे, त्यातला एक गाणारा, एक घोरणारा. उरलेला कोण, हे शोधायला काही गणिताचं डोकं लागत नव्हतं. तीन वर्षं कालव्यावर कैदी म्हणून माती उपसताना त्याला दुसरं काही शोधायचंही नव्हतं.

दुसरं कडवं मात्र साऱ्या देशाचं नव्हतं, फक्त त्या गावाचं होतं. छत्तीस साली राजाची गाडी गावच्या स्टेशनात अकरा मिनिटं थांबली, तेव्हा मास्तरांनी ते स्वतः रचलं होतं: 'थोर गरुडा, पंख पसर, खोरे अमुचे निजो सुखे.' नऊ वर्षांचा एफ्तिमिए पहिल्या रांगेत उभा राहून ते गायला होता. चाळीस साली राजा परदेशी निघून गेला आणि त्याचा पोरगा गादीवर बसला. मास्तरांनी 'थोर' खोडून 'बाळ' लिहिलं. बाळ गरुडाच्या पंखाखाली अख्खं खोरं कसं मावणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. अठ्ठेचाळीस साली ट्रॅक्टर केंद्राच्या उद्घाटनाला त्यांनी तेच कडवं नव्या चालीवर बसवलं. गरुड लाल झाला. "अर्थाचं आपल्याला काय करायचंय?" मास्तर पोरांना छडी दाखवून म्हणायचे. "तोंड उघडा. राज्य कोणाचंही असो, तोंड नीट उघडलं पाहिजे."

एफ्तिमिएने पान उलटलं. खबऱ्याचं टोपणनाव 'चंडोल'. खाली हाताने लिहिलेला मजकूर:

'मी झोपेचं सोंग घेतलं होतं. आरोपीने बंदी असलेलं राजगीत दोन्ही कडव्यांसह म्हटलं. पहिलं कडवं सुरात. दुसऱ्यात आरोपी थोर गरुडा असं म्हणाला. ते चूक आहे. सन चाळीसपासून तिथे बाळ गरुडा आहे. तसंच सुखे या शब्दाआधी श्वास तोडला, हेही अक्षम्य.'

समासात कुठल्या तरी अधिकाऱ्याने लिहिलं होतं: 'हे कशाला?'

निस्तोरला थोर आणि बाळ यांतला फरक माहीत असणं शक्य नव्हतं. त्याच्या गळ्यात सूर नाही म्हणून मास्तरांनी त्याला पहिल्याच दिवशी गायनमंडळातून हाकललं होतं. आणि ते शब्दाच्या शेपटीला गाठ मारणारं हस्ताक्षर एफ्तिमिएने स्वरलिपीच्या वहीत लहानपणभर पाहिलं होतं. मास्तरांना जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. दरवर्षी त्यांच्या थडग्यावर एफ्तिमिए फुलं नेत असे.

पाणी आधीच आणून ठेवलं होतं ते बरं झालं.

निस्तोर अंगणात बसून आलुबुखारच्या बिया काढत होता. एफ्तिमिए फाटकाशी आला, तसा तो मान वर न करता म्हणाला, "ढकलू नकोस, उचलून घे. बिजागरी गेलीय. अठ्ठावन्न वर्षांत जायचीच."

एफ्तिमिएने कागदाची प्रत पुढे केली. निस्तोरने हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं.

"अक्षर सुरेख आहे," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"तू दुसरं कडवं धरलंस आणि घोरणं थांबलं. मला सुरातलं कळत नाही. घोरण्यातलं कळतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायला आलो होतो की. त्रेपन्न साली तू सुटून आलास, मी बाटली घेऊन तुझ्या फाटकात उभा. तू बाटली घेतलीस. मला वाटलं, मिटलं. मग तू ती माझ्याच पायाशी फोडलीस."

"नंतर कधी तरी..."

"नंतर तू गावभर सांगून झालं होतंस. पावाच्या रांगेत माझ्या बायकोशी कोणी बोलायचं नाही. ती गेली तेव्हा शवपेटी उचलायला चार माणसं होईनात. चौथा माणूस दारूच्या गुत्त्यातून आणला, तोही पैसे देऊन. तू खिडकीचा पडदा ओढलास. हिरवा होता तेव्हा तुझा पडदा." निस्तोरने आणखी एक फळ चिरलं. "मग दरवर्षी तू फुलं घेऊन माझ्या दारावरून जायचास, छाती काढून. मी खास खुर्ची ओढून बघायचो. खरं सांगू? गंमत वाटायची. मला दुसरी होती तरी कुठली?"

"माझं चुकलं, निस्तोर. माफी..."

"कुठे ठेवू ती? घरभर फळं पसरलीत."

एफ्तिमिएने कागद परत घेऊन खिशात घातला. मग म्हणाला, "रविवारी गावच्या संस्कृती भवनाच्या हॉलला मास्तरांचं नाव देतायत. पाटीवरचा पडदा मी ओढायचाय. मी हा कागद सगळ्यांसमोर वाचणार आहे. तू ये."

"बघू. गाणं फुकट असतं."

रविवारी हॉल भरला होता. निस्तोर शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सवयीप्रमाणे रिकाम्या. नगराध्यक्ष म्हणाले, मास्तरांनी किती राजवटी पाहिल्या, पण सूर सोडला नाही. एफ्तिमिएला या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

त्याने पडदा ओढला, पाटी दिसली, टाळ्या झाल्या. मग त्याने खिशातून कागद काढला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. 'ते चूक आहे' इथे पोरं हसली. 'अक्षम्य'ला मोठी माणसंही हसली.

"हे मास्तरांनी लिहिलंय," एफ्तिमिए म्हणाला. "निस्तोर गेलासेने नाही. मी इतकी वर्षं या गावाला खोटं सांगितलं. तो तिथे मागे बसलाय."

कोणी मागे वळून पाहिलं नाही. एक जण खोकला. नगराध्यक्ष उठले, त्यांनी एफ्तिमिएच्या खांद्यावर हात ठेवला. "तो काळच तसा होता, काका," ते मायेने म्हणाले. "आणि त्या काळातही बघा, मास्तरांची शिस्त." टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त झाल्या.

गायनमंडळाच्या बाई लगबगीने आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "काका, तुम्ही आमच्यावर उपकार केलेत. थोर की बाळ, यावर दोन वर्षं वाद चाललाय. मास्तरांची वही हरवलीय. त्यांच्या हातचा हा एकच पुरावा. पाटीखाली काचेत लावू, द्याल?"

त्याने दिला. असल्या गोष्टीला नाही कसं म्हणतात, ते तो कालव्यावरच विसरून आला होता. दहा मिनिटांत बाईंनी मुलांना उभं केलं आणि हॉलमध्ये बाळ गरुडा पंख पसरू लागला, अचूक शब्दांत, श्वास न तोडता.

शेवटची रांग रिकामी झाली होती. एफ्तिमिएने काठी टेकत निस्तोरला चर्चच्या वळणावर गाठलं.

"निस्तोर. वाचलं मी."

"ऐकलं."

"कोणी..."

"माझी बायको असती तर तिने मागे वळून बघितलं असतं." निस्तोरने टोपी घातली आणि चालायला लागला. चार पावलांवर, न वळता, म्हणाला, "परवा फाटक उघडं टाकून गेलास. तुझ्या कोंबड्या शिरल्या आत."